बर्फात शिकलेलं चिकपेट

अण्णा,

कचेरीत तुमच्यासाठी शोकसभा झाली. साहेबांनी तुमच्या नोकरीची सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणाले, की दक्षिण ध्रुवाकडच्या भयाण बर्फात या माणसानं अख्खं वर्ष एकाकी काढलं. मी मागच्या बाकावर होतो. एकाकी हा शब्द काही घशाखाली उतरेना. आपण त्या लाकडी घरात डझनभर माणसं होतो, एकमेकांच्या घोरण्याला कंटाळलेली, आणि तुम्ही तर कुणाला घटकाभरही एकटं बसू दिलं नाही. उठून हे सांगावंसं वाटलं. पण सभेत उभं राहून बोलण्याइतकी कानडी मला अजून येत नाही, आणि तुमच्याबद्दल इंग्रजीत बोलायचं म्हणजे परक्या माणसाबद्दल बोलल्यासारखं झालं असतं. म्हणून हे मराठीत, आणि तुमच्याशीच.

मराठीत म्हटल्यावर तुम्ही हसाल. आपली ओळखच त्यावरून झाली. मी निपाणीकडून बेंगळुरास आलेला नवा बिनतारीवाला, तुम्ही हवामानाच्या नोंदी घेणारे जुनेजाणते. पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, "स्वल्प सरक की रे, खिडकी उघडायची आहे."

"स्वल्प काय? थोडं म्हणा की," मी म्हणालो.

"आमच्या घरात पणज्याच्या पणज्यापासून स्वल्पच म्हणतात. तू परवा आलास."

"पणज्यापासून चुकत आलं म्हणून बरोबर ठरतंय व्हय?"

तुम्ही खिडकी उघडलीत, ढगांकडं पाहून घेतलंत आणि मला कॉफी प्यायला घेऊन गेलात. हा वाद आपण पुढं बोटीवर घातला, बर्फावर घातला, परत आल्यावर राजाजीनगरच्या बसमध्येही घातला. तुम्ही कधी चिडला नाहीत. मी मात्र प्रत्येक वेळी चिडलो, आणि चिडलो की घरची आठवण निघून जायची. तुम्हाला ते ठाऊक असावं.

परदेशी मोहिमेनं आपल्या देशाकडं दोन माणसं मागितली, एक हवामान पाहणारा आणि एक बिनतारीवाला, तेव्हा कचेरीनं आपली नावं धाडली. तुमची पंचेचाळिशी उलटली होती. घरातून नको म्हणतील असं सगळ्यांना वाटलं होतं. नको म्हणायची वेळ खरी माझ्यावर आली होती. शालिनीला दिवस गेले होते. लग्न होऊन ती राजाजीनगरच्या भाड्याच्या खोलीत आली त्याला वर्षही झालं नव्हतं. कानडीचा एक शब्द येत नव्हता, माहेरी कुणी उरलं नव्हतं, आणि गावी माझी आई अंथरुणाला खिळलेली. मी नकार लिहून द्यायच्या विचारात होतो. रविवारी सकाळी दारात घोड्याचा जटका थांबला आणि तुम्ही नि तुमची मंडळी, आमच्या अक्का, उतरलात.

अक्कांनी घर पाहिलं नाही, माझ्याकडंही पाहिलं नाही. सरळ शालिनीजवळ जाऊन बसल्या. म्हणाल्या, "हे दोघं जातात तर जाऊ दे. तू आमच्याकडं चल. माझा मुलगा शिकायला बाहेर, घर रिकामं आहे. बाळंतपण मी करते."

"अहो, पण तुम्हाला त्रास कशाला," शालिनी म्हणाली.

"त्रास मला एकटीनं जेवायचा होईल," अक्का म्हणाल्या, आणि मग माझ्याकडं वळून, "तिचं सामान बांध."

अण्णा, मी तिथं गेलो तो या एका वाक्यावर गेलो.

लोक मला अजून विचारतात, तिथं काय करत होता? थरारक काही ऐकायला मिळेल अशी त्यांची अपेक्षा असते. मी सांगतो, पाणी करत होतो. बर्फाच्या मुलखात पाण्याचं दुर्भिक्ष असतं हे कुणाला पटत नाही. करवतीनं बर्फाचे चिरे कापायचे, घसरगाडीवरून आणायचे, हौदात टाकायचे आणि खाली शेगडी पेटती ठेवायची. पाळी सगळ्यांवर, प्रमुखावरही. एवढा मोठा चिरा टाकावा तर हौदात तांब्याभर पाणी दिसायचं. अंघोळीची पाळी आठवड्यानं यायची आणि तुम्ही ती एखाद्या सणासारखी पाळायचात, तेल लावून.

बाकीच्यांनी दाढ्या वाढवल्या. तुम्ही रोज दाढी करत होता. डॉक्टरनं एकदा विचारलं, इथं कोण पाहतंय? तुम्ही म्हणालात, आरसा. दाढी झाली की घरातली उबदार विजार, तिच्यावर जाड विजार, तिच्यावर वारा अडवणारं कापड असं चढवत जायचं आणि दोर धरून तुमच्या पांढऱ्या जाळीदार पेटीपर्यंत जायचं. तिच्यात तापमापक. तो वाचताना तुम्ही श्वास रोखून धरायचात, कारण उच्छ्वासानं काच धुरकट होते आणि पाराही फसतो. श्वास रोखून उभे असलेले तुम्ही मला अजून दिसता, देवळात डोळे मिटून माणूस उभा असतो तसे, फक्त डोळे उघडे. मग वरचा वारा मोजायचा फुगा. कोठारात वायू भरून माणसाएवढा झालेला फुगा वाऱ्यात सोडायचा म्हणजे अवखळ बैलाला दावणीतून बाहेर काढण्यासारखं. तुम्ही एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, दोघंही बर्फात धडपडत. फुगा नीट सुटला की तुम्ही मिटक्या मारल्यासारखा आवाज काढायचात. तुम्ही घेतलेल्या नोंदी मी बिनतारी यंत्रावर कुठं कुठं धाडायचो, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी त्या उतरून घ्यायचा. आपलं काम एवढंच होतं.

आणि शिवण. तुमच्या वडिलांचं बेंगळुरात, चिकपेटच्या बाजारात शिंप्याचं दुकान होतं. तुम्ही शिकून सरकारी नोकरीत आलात तरी बोटं दुकानातलीच राहिली. कुणाचा हातमोजा उसवला, कुणाच्या टोपीची नाडी तुटली, की रात्रीच्या जेवणाआधी माणसं तुमच्या बाकाशी येऊन बसायची. पोलादी सुई, मेण लावलेला दोरा, बोटात अंगुस्तान. प्रमुखाचा अंगरखा तुम्ही असा रफू केलात, की तो आतली बाजू उलटून सगळ्यांना दाखवत हिंडला. वाऱ्यात तोंड झाकायचे चामडी पट्ट्यांचे मुखवटे मोहिमेनं दिले होते ते टोचायचे. तुम्ही सगळ्यांचे उसवून पुन्हा शिवलेत, आत मऊ फ्लॅनेलचं अस्तर लावून.

नाचणीच्या पिठाचा डबा मात्र आपल्या दोघांतलं गुपित राहायला हवा होता, असं माझं म्हणणं होतं. अक्कांनी दिलेलं ते पीठ आणि साराची पूड. तुम्ही एका रविवारी सगळ्यांसाठी मुद्दे केले, नाचणीच्या उकडीचे गोळे. डब्यातल्या मटणाचा रस्सा, वर तुमचा मसाला. परदेशी मंडळी मुद्दा दातांनी चावायला लागली आणि तो टाळूला चिकटून बसला. तुम्ही टेबलाभोवती फिरत सांगत होता, "चावायचा नाही. रश्शात बुडवायचा, गिळायचा." प्रमुखानं डोळे गच्च मिटून गिळला, थोडा वेळ थांबला आणि दुसरा मागितला. आपलं पीठ महिन्याभरात संपलं. मी चिडलो. तुम्ही म्हणालात, "एकट्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही रे."

मग सूर्य गेला. दुपारी क्षितिजावर थोडी लाली यायची, तेवढाच दिवस. माणसं बोलेनाशी झाली. एक जण दिवसभर पत्ते पिसायचा आणि खेळायचा नाही. मला झोप लागेना, आणि जागेपणी शालिनीचा चेहरा नीट आठवेना, याची भीती वाटायला लागली. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तरी एका संध्याकाळी तुम्ही सदरा बदललात, केस विंचरलेत आणि म्हणालात, "चल, चिकपेटला जाऊन येऊ."

घराच्या मधोमध तो लांब बोळ होता, एका टोकाला जनरेटरचं दार, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर. त्या बोळात तुम्ही मला फिरवायला लागलात. "हे आलं पितळेच्या भांड्यांचं दुकान. मालक कानानं बहिरा, भाव दोनदा सांगावा लागतो. इथून डावीकडं वळ. स्वल्प जपून, हमालाची गाडी येतेय. ही गल्ली रेशमी सुताची. वास येतो का?"

"नाही येत."

"उद्या येईल."

रोज एक फेरी. काही दिवसांनी मला खरंच वास यायला लागला, सुताचा, भिजल्या तागाच्या गोणीचा, कोपऱ्यावरच्या फुलवाल्या बाईच्या मोगऱ्याचा. मी चुकलो की तुम्ही मला परत बोळाच्या टोकाला नेऊन पहिल्यापासून चालायला लावायचात. पत्ते पिसणारा गडी एकदा मागून यायला लागला, मग डॉक्टर. त्यांच्यासाठी तुम्ही इंग्रजीत सांगायचात, पण घासाघीस कानडीतच करायचात, ती इंग्रजीत होत नाही म्हणून. फेरीच्या शेवटी तुमचं घर यायचं, आणि तुम्ही म्हणायचात, "वर अक्का आहे, तुझी शालिनी आहे. चपला काढ." मग आपण जेवायला जायचो. मला झोप लागायला लागली, अण्णा.

त्यानंतर ते वादळ आलं. किती दिवस चाललं ते आता नेमकं सांगता येत नाही, पण एरियलचा खांब गदगदा हलताना घरात ऐकू यायचा, आणि एका सकाळी तार तुटून आपण मुके झालो. शालिनीचे दिवस भरत आले होते. घरची तार कधीही आली असती आणि ती ऐकायला माझ्याकडं कान नव्हता. वारा जरा पडला तसं प्रमुखानं दुपारच्या लालीत दोघांना बाहेर जायची परवानगी दिली. खांबावर चढणं माझं कामच होतं. खाली दोर धरायला तरुण माणसं तयार होती. तुम्ही म्हणालात, "याला मी धरतो. हा मराठीत घाबरतो."

वर चढलो, तार जोडली. जोडून झाली आणि वारा उलटला. खालचं काही दिसेना. बर्फाचा नुसता पांढरा झोत. माझे हात खांबाला धरलेले होते, पण माझे नव्हते. पाय हलवायचा म्हटलं तर हलेना. मी किती वेळ तसा चिकटून होतो कोण जाणे. आणि खालून तुमचा आवाज आला, वाऱ्याच्या दोन फटकाऱ्यांच्या मधून, अगदी स्वच्छ.

"ऐकू येतं का? आमचा जिना आठव. चिकपेटचा."

तो उभा जिना मला आठवत होता. शालिनीला सोडायला गेलो तेव्हा मी त्यावर घसरलो होतो.

"वरच्या पायरीवर आहेस. डावा पाय खाली सोड. पायरी आहे. सापडली? सरी, बरोबर. आता उजवा. घाई नाही. अक्का खाली उभी आहे, तिच्या अंगावर पडू नको."

एकेक पाय मी तुमच्या आवाजावर ठेवला. मध्ये थांबलो की शिव्या द्यायचात, अर्ध्या कानडी. खाली पोचलो तेव्हा तुम्ही मला कमरेला धरून ओढत घरात आणलंत. दिव्यात पाहिलं तर तुमचा डावा गाल मेणासारखा पांढरा पडला होता. तोंडावर मुखवटा नव्हता. डॉक्टरनं पुष्कळ धडपड केली, पण तिथलं कातडं काळं पडून गेलं आणि तो डाग कायमचा राहिला.

यावर आपला दुसरा वाद. मी म्हणायचो, मला ऐकू यावं म्हणून तुम्ही मुखवटा काढलात. तुम्ही म्हणायचात, "काढला कुठं? पट्टी तुटली. वाऱ्यानं नेला." अक्कांना तर तुम्ही बर्फावर पडलो एवढंच सांगितलंत. मी कधी जोर धरला तर विषय बदलून माझ्या मराठीवर यायचात. पण अण्णा, वादळ सरल्यावर मीच तो मुखवटा खांबापाशी बर्फातून उकरून काढला. पट्ट्या शाबूत होत्या. एक टाकाही उसवलेला नव्हता. तो मी तुमच्या खुंटीला गपचूप अडकवला आणि तुम्ही तो गपचूप वापरायला लागलात. आभार मानायला तुम्ही मला जागाच ठेवली नाहीत. आता अडवायला तुम्ही नाही आहात, तर मानून घेतो.

तार दोन दिवसांनी आली. मुलगी झाली, दोघी खुशाल. माझ्याच हातानं मी ती उतरून घेतली आणि अक्षरं दिसेनात. तुम्ही गालावरच्या पट्टीसकट स्वयंपाकघरात शिरलात. रवा नव्हता. ओटचा शिरा केलात, डब्याच्या दुधात, लोण्यात परतून. सगळ्यांनी खाल्ला. प्रमुखानं विचारलं, नाव काय ठेवणार? मी तुमच्याकडं पाहिलं. मला वाटत होतं तुम्ही सुचवाल. तुम्ही म्हणालात, "घरच्या बायकांनी ठेवलं असेल एव्हाना. आपल्याला कोण विचारतो?" खरंच ठेवलं होतं. सुमित्रा.

परतलो तेव्हा स्टेशनवरून थेट तुमच्या घरी आलो. रस्ता मला विचारावा लागला नाही. भांड्यांचं दुकान, बहिरा मालक, सुताची गल्ली, मोगरेवाली, सगळं जागच्या जागी. तुम्ही मुद्दाम चार पावलं मागं राहिला होता, मी चुकतो का पाहायला. वर सुमित्रा अक्कांच्या कडेवर होती. मी हात पुढं केले तर तिनं तोंड फिरवलं आणि तुमच्याकडं झेपावली, गालावरचा डाग चाचपायला. पुढं बोलायला लागली तेव्हा तिची मराठी तुमच्या घरची झाली होती. माझ्याच घरात पाणी मागताना मला "अप्पा, स्वल्प नीरु दे" म्हणायला लागली. तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. फक्त कॉफी ढवळत राहिलात. ते मला जास्त लागलं.

मागच्या महिन्यात दवाखान्यात भेटायला आलो तेव्हा तुम्ही थकून पडला होता. तरी मला पाहून म्हणालात, "आज बाहेर ढग कसले?" मी पाहून सांगितलं. तुम्ही मान हलवलीत, बरोबर नाही म्हणून, आणि स्वतः उठून बघायचा हट्ट धरलात. नर्सनं दटावलं. तुमच्या माझ्यातलं शेवटचं बोलणं ढगांवर झालं, हे बरंच झालं. मोठं काही बोललो असतो तर दोघंही अवघडलो असतो.

काल तेरावा झाला. माणसं पांगल्यावर अक्कांनी मला थांबवून घेतलं. तुमचा मुलगा खाली दुकानदारांशी बोलत होता. अक्का म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. मोहिमेचं पुन्हा बोलावणं आलं होतं, तेव्हा हे गेले नाहीत. त्या वेळी मी आजारी होते. जा म्हटलं तरी गेले नाहीत. मला तेव्हापासून वाटतं, मी यांच्या आड आले."

हे त्या इतकी वर्षं मनात घेऊन होत्या, अण्णा, आणि तुम्हाला कळलं नव्हतं. की कळलं होतं?

मी त्यांना सांगितलं. तुम्ही नकार दिलात त्या दिवशी कचेरीच्या फाटकाशी मी तुम्हाला हाच प्रश्न केला होता. तुम्ही म्हणाला होता, "बर्फ पाहून झाला रे. तिथं असताना रोज चिकपेटला यायचो. आता चिकपेटात बसलोय तर इथंच बसू दे. अक्काबरोबर जेवायचं सोडून घालवायला आता माझ्याकडं वर्षं नाहीत." शब्द जवळजवळ हेच होते. माझं काम उतरून घेण्याचं आहे, माझ्या हातून सहसा चूक होत नाही.

अक्कांनी पदराची कड मुडपली. मग म्हणाल्या, "मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला ठाऊक आहे असं त्यांना वाटलं असेल," मी म्हणालो.

"असं कसं ठाऊक असेल?" असं म्हणून त्या हसल्या, तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा. हे सांगणं तुमचं काम होतं, अण्णा. मी केलं. रागावू नका.

त्या उठून आत गेल्या आणि उरलेल्या माणसांसाठी पानं मांडायला लागल्या. मांडता मांडता सवयीनं तुमचंही मांडून बसल्या, खिडकीजवळचं. हात तिथंच थांबला. तेवढ्यात सुमित्रा आली आणि काही न विचारता त्या पानावर जाऊन बसली. भूक लागली होती तिला. अक्कांनी भात वाढला, वर तूप घातलं आणि म्हणाल्या, "पोटभर जेव."

कुणी तिला उठवलं नाही. मीही शेजारी बसून जेवलो.